फर्मवेअर बदलल्यावर आलेला इशारा : खरा की खोटा?

थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी बेट व त्यावरील दीपगृह दिसते. हे दीपगृह १८६७ सालचे. एखाद्या रात्री त्याचा प्रकाश नेहमीपेक्षा मंद दिसला, तर कारणे निरनिराळी असू शकतील : दिवाच क्षीण झाला, भिंगावर खारट थर बसला, मध्ये धुके आले, किंवा पाहणाऱ्याने चष्मा बदलला. संगणकांच्या जाळ्यात आज असाच प्रश्न वारंवार उभा राहतो. फरक एवढाच, की इथला दिवा काडेपेटीहून अरुंद अशा डबीत बसवलेला असतो.

या डबीला ट्रान्सीव्हर मॉड्यूल म्हणतात. एका बाजूने ती नेटवर्क स्विचमध्ये खोचलेली असते, दुसऱ्या बाजूने तिला काचतंतूची केबल जोडतात. आत एक छोटा लेझर विजेच्या स्पंदांचे प्रकाशात रूपांतर करतो, आणि एक प्रकाशसंवेदक उलटे काम करतो. स्विचचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या अंगभूत आज्ञावल्या, अद्ययावत केल्या, की काही वेळा पडद्यावर एकाएकी इशारे झळकू लागतात : ‘मॉड्यूलचे तापमान जास्त’, ‘ग्रहण केलेला प्रकाश कमी’, ‘मॉड्यूल ओळखले नाही’. काल सर्व सुरळीत होते, आज बिघाड कसा? मग कोणी मॉड्यूल फेकून नवे आणतो, कोणी इशारेच बंद करून टाकतो. पहिल्याचे पैसे वाया जाण्याचा संभव असतो. दुसऱ्याचे जाळे ऐन परीक्षेच्या दिवशी बंद पडू शकते.

आधी हे मॉड्यूल स्वतःबद्दल काय सांगते ते पाहू. त्यात एक स्मृतिकोश असतो. त्याच्या एका भागात निर्मात्याचे नाव (त्यासाठी १६ अक्षरांची जागा आहे), प्रकाशाची तरंगलांबी, पल्ला वगैरे माहिती असते. दुसऱ्या भागात, मॉड्यूलमध्ये तशी सोय असल्यास, पाच राशींची ताजी मापने असतात : तापमान, विद्युत्दाब, लेझरमधील विद्युत्प्रवाह, बाहेर पडणारा प्रकाश व आत येणारा प्रकाश. प्रत्येक राशीसाठी चार मर्यादा लिहिलेल्या असतात. वरची व खालची इशारा-मर्यादा, आणि त्यांच्या पलीकडे वरची व खालची धोका-मर्यादा. म्हणजे एकूण वीस आकडे. हे आकडे मॉड्यूलच्या निर्मात्याने ठरवलेले असतात. आपल्या केबलची लांबी त्याला ठाऊक नसते, हे ध्यानात ठेवावे.

आता जुने फर्मवेअर हे वीस आकडे वाचतच नसेल, आणि नवे वाचू लागले असेल, तर इशारा नवा असला तरी बिघाड जुना असू शकतो. काही फर्मवेअर रिकाम्या पोर्टातील मॉड्यूलबद्दलही ‘प्रकाश नाही’ अशी तक्रार करते. केबलच जोडलेली नाही तिथे प्रकाश येणार कोठून? अशा इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

एक उदाहरण घेऊ. अकरावीच्या वर्गात लॉगॅरिथमच्या पाठाला ते चांगले जुळते. प्रकाशशक्ती डीबीएम या एककात सांगतात. १ मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम. शक्ती दहापट घटली की १० वजा होतात, निम्मी झाली की सुमारे ३. समजा थळमधील दोन इमारतींमध्ये ४ किलोमीटर काचतंतू टाकला आहे. पाठवणारा लेझर −६ डीबीएम देतो. १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशाची घट किलोमीटरला साधारण ०.३५ डेसिबल धरली, तर तंतूत १.४ गेले, दोन जोडांचे प्रत्येकी अर्धा, म्हणजे १ गेले. पलीकडे −८.४ डीबीएम पोचायला हवेत. पण स्विच सांगतो १३.८ मायक्रोवॉट, म्हणजे −१८.६ डीबीएम. मर्यादा −१८ची, म्हणून इशारा आला. इथे अपेक्षित प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा पोचतो आहे. इशारा खरा आहे, आणि बहुधा फर्मवेअर बदलण्याच्या पूर्वीही तो खराच होता. मॉड्यूल बदलण्याआधी जोडाचे टोक कापडी पट्टीच्या क्लीनरने पुसावे व केबल कोठे तीव्र वळली आहे का ते पाहावे. तंतूचा प्रकाशवाहक गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा असतो. त्याच्यापुढे धुळीचा एक कण म्हणजे धोंडच. किनाऱ्यावरच्या दमट, खाऱ्या हवेत टोपण न लावलेले टोक लवकर खराब होते.

दुसरा प्रकार वाचण्यातील चुकीचा. तापमान दोन बाइटांत साठवतात, पहिल्यात पूर्ण अंश व दुसऱ्यात २५६ने भागायचा अपूर्णांक. ४३ आणि १२८ म्हणजे ४३.५ अंश सेल्सियस. फर्मवेअरने हे दोन बाइट उलट क्रमाने वाचले, तर उत्तर येते उणे १२७.८ अंश! ऋण संख्या दर्शवण्याच्या द्विमान पद्धतीमुळे असे होते. विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे. मे महिन्यात थळला असे तापमान कोणत्याही डबीत असणे शक्य नाही, तेव्हा दोष वाचणाऱ्याचा. काही मॉड्यूलांत कच्चे आकडे असतात आणि ते दुरुस्त करण्याचे गुणांक वेगळे लिहिलेले असतात. फर्मवेअर ते गुणांक विसरले, तर आकडा चुकतो, पण इतका हास्यास्पद दिसत नाही. तो पकडणे अवघड.

तिसरा प्रकार ‘ओळखले नाही’ हा. नवे फर्मवेअर निर्मात्याचे नाव आपल्या यादीत शोधते व सापडले नाही, तर कुरकुरते. काही स्विच पोर्टच बंद करतात. यात प्रकाशाचा काही संबंध नाही. ही बाब माझ्या मते तंत्रापेक्षा व्यापाराची अधिक आहे.

खरे-खोटे ठरवावे कसे? थळपासून जवळच्याच अलिबागला त्याचे एक सुंदर उदाहरण आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या विद्युत्प्रवाहाने कुलाब्याची चुंबकीय मापने बिघडणार, म्हणून नवी चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली गेली. पण कुलाब्याची उपकरणे लगेच बंद केली नाहीत. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी मापने घेतली. जुन्या आणि नव्या आकड्यांतला फरक त्यामुळे कळला, आणि आधीच्या कित्येक दशकांच्या नोंदी पुढील नोंदींशी जोडता आल्या.

स्विचच्या बाबतीतही हेच करायचे. फर्मवेअर बदलण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मॉड्यूलची पाचही मापने वहीत उतरवून ठेवावीत, आणि बदलल्यावर तासाभराने पुन्हा घ्यावीत. तासाभराने एवढ्यासाठी, की स्विच पुन्हा चालू झाल्यावर मॉड्यूल तापायला वेळ लागतो. आकडे तेच आणि इशारा मात्र नवा, तर बदल मर्यादांच्या वाचनात आहे. आकडे बदलले असतील, तर संशयित मॉड्यूल दुसऱ्या पोर्टात घालावे. इशारा मॉड्यूलबरोबर गेला, तर बहुधा दोष मॉड्यूलचा. पोर्टालाच चिकटून राहिला, तर पोर्टाचा. केबलबरोबर फिरला, तर केबलचा. शंका उरलीच, तर प्रकाशशक्तिमापक लावून स्वतंत्रपणे मोजावे. लेझरचा प्रवाह मात्र महिन्या-महिन्याला पाहावा, कारण लेझर म्हातारा होऊ लागला की तेवढाच प्रकाश देण्यासाठी तो अधिकाधिक प्रवाह ओढतो.

हे सर्व करताना केबलच्या किंवा मॉड्यूलच्या टोकात डोकावू नये. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही, कारण त्याचा सिलिकॉनचा संवेदक सुमारे ११०० नॅनोमीटरच्या पुढे आंधळा होतो. ‘काही दिसत नाही, म्हणजे लेझर बंद आहे’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नये.