दुधावाचून फळांचे मफिन

हुबळी आणि धारवाड यांच्या मधोमध आमचे रायापूर. या भागात आनंदाची वार्ता आली की प्रथम आठवतो तो धारवाडी पेढा. परंतु ज्याला दूधच वर्ज्य आहे अशा मुलाने त्या वेळी काय करावे? माझ्या वर्गातील एक मुलगा वाढदिवसाचा खाऊ वाटला जात असता मुकाट्याने खिडकीबाहेर पाहत बसे. त्याच्यासाठी मी केळ्यांचे मफिन, म्हणजे वाटीएवढे केक, करावयास घेतले.

पहिल्याच खेपेस चूक झाली. लोणी वगळले आणि त्याऐवजी घातले साजूक तूप! त्याच्या आईने वेळीच विचारले म्हणून निभावले. कढविल्याने तुपातील दुधाचा अंश पुष्कळसा जातो, सर्व जात नाही. ज्याला दुधातील साखर पचत नाही, त्याला तेवढे बहुधा बाधत नाही. परंतु ज्याला दुधातील प्रथिनांचे वावडे आहे, त्याच्या अंगावर तेवढ्यानेही गांधी उठू शकतात. प्रसंगी श्वास कोंडतो. ही दोन दुखणी निरनिराळी आहेत. काही मार्जरीनमध्येही दुधाचा अंश असतो; तेव्हा वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचावीत. अंडे दुग्धजन्य नव्हे, तरी येथे त्याचीही गरज नाही.

तीन पिकलेली, सालीवर काळे ठिपके आलेली केळी कुस्करावी. गर सुमारे ३०० ग्रॅम भरावा. त्यात १०० ग्रॅम साखर, ८० मिलिलिटर बिनवासाचे तेल आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून घोटावे. दुसऱ्या भांड्यात २०० ग्रॅम मैदा, पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड चाळावी. मग दोन्ही एकत्र करावे, आणि येथेच हात आवरावा! कणीक मळण्याची आपल्या हाताला सवय. परंतु मैदा ओला करून घोटला की चिवट होतो आणि मफिन रबरासारखे लागतात. कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे. गुठळ्या राहिल्या तरी चालतील.

लिंबाच्या आंबटपणाने सोडा फसफसतो आणि त्या वायूने पीठ फुगते. हा वायू फार वेळ टिकत नाही, म्हणून ओव्हन आधीच १८० अंश सेल्सियसवर तापवून ठेवावा. वाट्यांना आतून तेलच लावावे. तूप लावले तर सारे श्रम फुकट. वाट्या पाऊणच भराव्यात आणि वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. मध्ये काडी खुपसून ती कोरडी निघाली की झाले. ओव्हन नसल्यास जाड कढईत वाळू तापवून, वर झाकण ठेवून मंद आचेवर भाजता येते. वेळ थोडा अधिक लागतो.

मे महिन्यात केळ्यांऐवजी हापूसचा दाट गर घेऊन पाहावा. पावसाळ्यात मात्र हे मफिन दोन दिवसांतच संपवावेत. फळाच्या ओलाव्याने बुरशी लवकर धरते.

दुसऱ्या खेपेचे दोन त्या मुलाने तेथेच खाल्ले. तिसरा धाकट्या बहिणीसाठी रुमालात बांधून घेतला.