पकड वॉरंट

तालुक्याच्या पोलीस ठाण्यात समन्स-वॉरंटांचं काम बहुधा एकाच हवालदाराकडे असतं. कोर्टातून आलेला गठ्ठा आधी रजिस्टरला चढतो, मग गावांप्रमाणे बीट अंमलदारांकडे जातो. अशाच एका हवालदाराच्या टेबलाशी बसून मी हे कागद पाहिले. न वटलेले चेक, बांधावरची मारामारी, थकलेली पोटगी. यातले बहुतेक लोक वॉरंटापर्यंत आले ते तारखेला कोर्टात उभे न राहिल्यामुळे.

आधी समन्स, मग जामीनपात्र वॉरंट आणि तरीही माणूस आला नाही तर अजामीनपात्र, म्हणजे गावच्या बोलीतलं पकड वॉरंट. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली इंदर मोहन गोस्वामी खटल्यात साधारण हाच क्रम सांगितला. जामीनपात्र वॉरंटावर रक्कम लिहिलेली असते. तेवढ्याचा मुचलका आणि जामीनदार दिला की अंमलदाराने सोडायचंच असतं. हे माहीत नसल्याने माणसं घाबरून रान गाठतात आणि प्रकरण पकड वॉरंटापर्यंत नेतात.

सगळ्यात जास्त ओढाताण ऊसतोडीला गेलेल्यांची होते. समन्स घरातल्या प्रौढ माणसाकडे देता येतं. म्हातारी आई अंगठा उठवते, कागद फळीवर ठेवते. मुलगा दूरच्या फडावर, तारीख निघून जाते. हंगाम संपवून तो परततो तेव्हा वॉरंट जिवंतच असतं, कारण बजावणी होईपर्यंत किंवा कोर्टाने रद्द करेपर्यंत ते संपत नाही. अशा माणसाने स्वतः कोर्टात हजर होऊन वकिलामार्फत वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा, हाच सरळ रस्ता. लपून काही साधत नाही.

दारात पोलीस आले तर कागद पाहायला मागावा. मागितल्यास दाखवणं त्यांना बंधनकारक आहे. न्यायाधीशांची सही, कोर्टाचा शिक्का आणि वडिलांच्या नावासह पूर्ण नाव नीट वाचावं. एकाच नावाचे दोघे-तिघे एका गावात सहज सापडतात. अशा वेळी पोलीस पाटलाचा शब्द फार मोलाचा.

झडती वॉरंट त्या मानाने कमी निघतं. तपासात घाई असेल तर अधिकारी कारणं लिहून वॉरंटाशिवाय झडती घेऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने ती कारणं ४८ तासांत दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणं आणि झडतीचं चित्रीकरण करणं सक्तीचं केलं. पंच मात्र आजही शक्यतो त्याच भागातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात, आणि खरी अडचण तिथेच येते. शेजाऱ्याच्या कपाटातून काय निघालं यावर सही करून उद्या त्याच गल्लीत राहायचं असतं. विनाकारण नकार देणं गुन्हा ठरू शकतो, तरी लोक दार लावून घेतात.

झडतीच्या वेळी घरमालकाला हजर राहता येतं. जप्त मालाच्या यादीची पंचांच्या सह्यांची प्रत त्याला मिळायला हवी. ती तिथेच मागून घ्यावी. वकील पुढे पहिल्यांदा तीच विचारतो.