एसी घेण्याआधी भिंतीतली तार बघा

सोनगीर म्हटले की तांब्या-पितळेची भांडी. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याहून शिरपूरकडे जाताना माणसे मुद्दाम गाडी थांबवून हंडा, घागर, पातेले बघतात. भांडे हातात तोलतात, बोटाने वाजवतात, पत्रा पातळ तर नाही ना याची खात्री करतात. पण याच गावात एसी घेताना भिंतीतून जाणारे तांबे किती जाड आहे, हे कोणी विचारत नाही. किती टनाचा, किती स्टारचा, हप्ता किती, एवढ्यावर बोलणे संपते. आम्हीही विचारले नव्हते.

आमच्या दादीला रक्तदाबाचा त्रास. धाब्याचे जुने घर पाडून स्लॅब टाकला, तेव्हापासून उन्हाळा तिच्या जिवावर येऊ लागला. धाब्याच्या मातीच्या थरातून ऊन खाली यायला वेळ लागायचा. स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खोलीत सोडतो. खानदेशात मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जाणे नवे नाही. कूलरही पुरेना, म्हणून हप्त्यावर दीड टनाचा एसी घेतला. बसवायला आलेल्या माणसाने खोलीतला इस्त्रीचा पॉइंट बघितला, त्यातच प्लग लावला, आणि गार हवा सुरू झाली. दादीने दुआ दिली.

तिसऱ्या रात्री अम्मी तहज्जुदला उठली, तेव्हा खोलीत प्लास्टिक जळाल्याचा वास होता. बोर्डाला हात लावला तर तो तव्यासारखा तापलेला. अब्बांनी मेन स्विच बंद केला. सकाळी इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला. सॉकेटची एक पिन काळी पडली होती, आणि आत जुनी बारीक तार पीळ देऊन जोडून वर टेप गुंडाळलेली होती. टेप वितळून तांबे उघडे पडले होते. दादी त्या बोर्डाला डोके करून झोपत होती.

एसीत काहीही बिघाड नव्हता. चूक भिंतीत होती, आणि ती आमच्या न विचारण्यामुळे तशीच राहिली होती.

पंखा, इस्त्री आणि एसी

छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा. २३० व्होल्टवर तो एका अँपिअरचा तिसरा हिस्साच घेतो. हजार वॅटची इस्त्री चार-साडेचार अँपिअर घेते, पण ती अर्धा तास चालते. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालताना १५०० ते १७०० वॅट, म्हणजे सात अँपिअरच्या आसपास घेतो, आणि रात्रभर चालतो. संध्याकाळी गावभर कूलर-पंखे चालू होऊन व्होल्टेज पडले की इन्व्हर्टर एसी तेवढेच काम करण्यासाठी आणखी करंट ओढतो.

तारेतून जाणारा करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. शिवाय ही उष्णता सगळीकडे सारखी नसते. जिथे तार बारीक, जोड सैल किंवा सॉकेटची पकड ढिली, तिथे ती साठते. म्हणून "इस्त्री तर इथे कधीपासून चालते" हे उत्तर एसीसाठी उपयोगाचे नाही.

पहिले काम वीजबिल हातात घेण्याचे. महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो. तो एक किलोवॅट असेल आणि घरात दीड किलोवॅटचा एसी येणार असेल, तर आधी भार वाढवण्याचा अर्ज करावा. मग मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मेन स्विच तेवढा भार पेलतील का, हे तपासून घ्यावे.

तार कशी असावी

एसीला मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. मध्ये दुसरा पॉइंट नको, जोड नको. दीड टनाच्या घरगुती एसीसाठी इलेक्ट्रिशियन सहसा चारची, म्हणजे चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढतात. फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्याच जाडीचे, आणि सोबत अर्थिंगची हिरवी तार. दिव्या-पंख्यासाठी ओढलेली एकची किंवा दीडची तार एसीला चालत नाही.

तारेवर आयएसआय खूण आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला बघावा. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशी तारही मिळते. ब्लेडने खरवडली की आत पांढरी दिसते, हातात घेतली तर हलकी लागते. तांबे तोलून घेणाऱ्या गावाला हे वेगळे सांगायला नको.

आतले युनिट आणि बाहेरचे युनिट यांना जोडणाऱ्या केबललाही मध्ये जोड नसावा. दोन्हीकडच्या पट्टीवर क्रमांक असतात. एकचा एकला, दोनचा दोनला, तीनचा तीनला आणि अर्थ अर्थला. इन्व्हर्टर एसीत यातली एक तार दोन्ही युनिटमधला निरोप पोहोचवते. ती उलटी लागली तर एसी चालत नाही, फक्त स्क्रीनवर चुकीचा कोड दाखवतो. मुख्य पुरवठा आतल्या युनिटला द्यायचा की बाहेरच्या, हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेले असते. बसवणाऱ्याला ते पान उघडून द्यावे. त्यात संकोच कसला?

प्लग-सॉकेट वापरायचे तर १६ अँपिअरचे आणि घट्ट पकडीचे. त्यापेक्षा एमसीबी बसवलेला एसी बॉक्स बरा.

एमसीबी तारेसाठी, आरसीसीबी माणसासाठी

या दोघांत बऱ्याच घरांत गोंधळ होतो. करंट प्रमाणाबाहेर गेला की एमसीबी पडतो आणि तार जळण्यापासून वाचते. दीड टनाच्या एसीला बहुधा २० अँपिअरचा, सी प्रकारचा एमसीबी लावतात. तो वारंवार पडू लागला की काही जण ३२ चा बसवून मोकळे होतात. ही चूक घर जाळू शकते. मग तार आधी जळेल आणि एमसीबी नंतर पडेल. एमसीबी पडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. ते ऐकून कारण शोधावे.

आरसीसीबीचे काम वेगळे. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही, म्हणजे तो कुठेतरी गळतो आहे. कदाचित कोणाच्या अंगातून जमिनीत जातो आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी ही गळती ओळखून निमिषात पुरवठा तोडतो. त्याच्यावर टेस्टचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्यावर तो पडला नाही, तर त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

अर्थिंग: मेमध्ये कोरडी पडणारी जमीन

मीटरजवळ खड्डा करून त्यात पाइप किंवा प्लेट पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. घर बांधताना हे होते आणि मग विसरले जाते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, आणि नेमक्या एसीच्या दिवसांत अर्थिंग कमजोर होते. खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. एसीच्या निचऱ्याचे पाणीही तिकडे सोडता येते. मात्र मेच्या कोरड्या हवेत ते फार थोडे निघते, त्यामुळे बादली लागतेच.

अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून देण्याची युक्ती काही जण करतात. बाहेर न्यूट्रल तुटला तर एसीच्या पत्र्यात थेट वीज येते. ही युक्ती आपल्या घरात केलेली नाही ना, हे स्पष्ट विचारावे, आणि अर्थिंग मीटर लावून मोजून घ्यावे.

थर्मोस्टॅटला फसवू नका

जुन्या विंडो एसीत गोल बटण असायचे. त्याच्यामागे गॅस भरलेली बारीक नळी असे. खोली तापली की गॅस फुगून कॉम्प्रेसर चालू करी, गार झाली की आकसून बंद करी. आता तेच काम आतल्या युनिटमधला छोटा सेन्सर करतो. खोलीतली हवा जिथून आत ओढली जाते तिथे तो बसवलेला असतो. तापमानाप्रमाणे त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून एसीला खोलीचा अंदाज येतो.

म्हणजे एसीला खोली दिसत नाही, फक्त सेन्सरजवळची हवा कळते. युनिटसमोर पडदा आला तर गार हवा तिथेच फिरते आणि खोली उकडत असताना एसी समाधानी होतो. खाली टीव्ही-फ्रिज असेल किंवा जाळीवर धूळ साचली असेल, तरीही हिशेब चुकतो. पंधरा दिवसांनी जाळी धुणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय.

बाहेरून घामाघूम आलेला माणूस रिमोटवर १६ करतो. साध्या एसीत त्याने हवा जास्त गार होत नाही. कॉम्प्रेसर तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. इन्व्हर्टर एसीही तापलेल्या खोलीत २४-२६ वर सुरुवातीला जोरानेच चालतो आणि मग वेग कमी करतो. १ जानेवारी २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या स्टार लेबलच्या घरगुती एसीत सुरू करतानाचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या सांगण्यानुसार एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते.

२६ अंश आणि सोबत पंखा हळू, एवढ्यावर बहुतेक घरांत झोप लागते. वृद्ध आणि तान्ह्या मुलांच्या अंगावर थेट झोत नको. स्लीप मोडमध्ये रात्र सरेल तसे तापमान आपोआप थोडे वाढते. टायमर फजरच्या वेळेला लावून ठेवावा. ड्राय मोड पावसाळ्यातल्या दमट हवेसाठी आहे, आपल्या कोरड्या मेमध्ये त्याचा उपयोग नाही. वीज जाऊन परत आली की लगेच चालू करू नये, तीन मिनिटे थांबावे. व्होल्टेज फार पडत असेल तर एसीच्या क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावा.

बिलाचा हिशेबही आधी मांडावा. ताशी सरासरी एक युनिट धरले तर रोज आठ तासांचे महिन्याला २४० युनिट होतात. आधी ९० युनिट वापरणारे घर ३३० वर जाते, आणि १०० तसेच ३०० युनिटांच्या पुढे वरच्या युनिटांचा दर वाढत जातो. उन्हाळ्याआधी गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले तर स्लॅब कमी तापतो आणि एसीचे कामही हलके होते.

शेजारी, आकडा आणि अमानत

बाहेरचे युनिट खोलीतली उष्णता बाहेर फेकते. अरुंद गल्लीत ती समोरच्या खिडकीत जाते. पाण्याची नळी शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडली तर वर्षभरात ओल धरते. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपल्या दीनमध्ये इतके सांगितले आहे, तर एसी बसवण्यापूर्वी त्याला एकदा विचारायला काय हरकत आहे?

आकड्याबद्दलही बोलले पाहिजे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३५ प्रमाणे वीजचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण कायद्याच्याही आधी प्रश्न हलाल-हरामचा आहे. चोरीच्या विजेवर गार केलेल्या खोलीत कुरआनची तिलावत करताना मनाला शांती कशी मिळेल? त्यात अशा जोडणीला ना धड एमसीबी असतो, ना अर्थिंग.

कुरआनच्या सूरह आराफमध्ये इस्राफला मनाई आहे. खिडक्या उघड्या ठेवून १८ वर चालणारा एसी हा इस्राफच. आणि सहीह बुखारीमध्ये प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी झोपण्याआधी दिवे विझवण्याची ताकीद दिल्याची हदीस आहे. उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि घरच्यांना जाळतो, हे कारणही त्यात आले आहे. आज घरात वातीचा दिवा नाही, पण उंदीर आहेत. ते तारांचे प्लास्टिक कुरतडतात. ताकीद आजही आपल्यालाच आहे.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, अशी शिकवण देणारी तिर्मिजीमधली हदीस आपण मुलांना सांगतो. एसीच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे चारची तार, योग्य एमसीबी, आरसीसीबी आणि ओला अर्थिंगचा खड्डा.

आम्ही नवी लाइन ओढली, एसी बॉक्स लावला. एसीच्या किमतीपुढे तो खर्च थोडाच होता. दादीची खाट त्या भिंतीपासून दूर सरकवली. महिन्याच्या पहिल्या जुम्याला घरातला धाकटा आरसीसीबीचे बटण दाबतो आणि पडला की "पडला, पडला" म्हणून ओरडतो. अम्मी मात्र अजूनही रात्री उठली की कोरड्या हाताने बोर्ड चाचपून बघते. तो गार लागला की ती "अल्हम्दुलिल्लाह" म्हणते आणि मुसल्ल्याकडे वळते.