खांगाईच्या मुलखात सायकलींचा काफिला

मंगोलियाचे क्षेत्रफळ साडेपंधरा लक्ष चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट, आणि लोकवस्ती मात्र अवघी 35 लाखांच्या आसपास. तीतीलही जवळजवळ निम्मी उलानबातर या राजधानीतच एकवटलेली. उरलेला मुलूख गवताचा, वाऱ्याचा आणि संख्येने माणसांच्या पंधरा-वीसपट भरणाऱ्या गुराढोरांचा आहे. या देशाच्या मध्यभागी पसरलेल्या खांगाई पर्वताच्या उत्तर अंगाने, आठ-दहा जणांच्या टोळीने, वाटाड्याच्या देखरेखीखाली सायकलवरून मजल दरमजल करीत जाण्याच्या सहली उन्हाळ्यात निघतात. त्यांचे वर्णन ऐकून हा निखळ स्वातंत्र्याचा आणि एकांताचा खेळ असावा, अशी कोणाचीही समजूत होईल. वस्तुतः इतक्या परावलंबनाचा प्रवास क्वचित आढळेल, आणि माझ्या मते त्याची खरी गोडीही या परावलंबनातच आहे.

टोळीबरोबर वाटाड्या, मोटारचालक, स्वयंपाकी आणि बहुधा सायकलींची डागडुजी करणारा कारागीर असा लवाजमा असतो. तंबू, शिधा, पाण्याचे पिंप आणि सुटे भाग वाहून नेण्यासाठी ‘फुर्गोन’ नावाची रशियन बनावटीची गाडी तैनात असते. ती दिसायला ओबडधोबड असली तरी चारी चाकांनी जोर लावते, आणि वाटेत अडून बसली तर चालक स्वतःच तिच्या पोटाखाली शिरून ती दुरुस्त करतो. म्हणूनच तेथे तिला मान आहे. सकाळी चहा-नाश्ता करून स्वार पुढे निघतात, मागे मुक्काम मोडला जातो, आणि दुपारच्या सुमारास गाडी सर्वांना ओलांडून एखाद्या ओढ्याकाठी जेवणाची तजवीज करून ठेवते. दिवसभरात चाळीस ते साठ किलोमीटरांची मजल होते. एवढ्या टापूत एखादे दुकान लागेलच, याची शाश्वती नाही.

या बंदोबस्ताला त्या भूमीत जुनी परंपरा आहे. चंगीझखानाचा पुत्र ओगदेई याने तेराव्या शतकात डाकचौक्यांची सुव्यवस्थित साखळी उभी केली. ज्याच्यापाशी बादशाही परवान्याची पट्टी असे, त्याला प्रत्येक चौकीवर ताजा घोडा, अन्न आणि निवारा मिळे. त्याच ओगदेईने 1235 साली काराकोरम या राजधानीभोवती तट बांधविला, आणि 1254 साली तेथे पोहोचलेल्या रुब्रुकच्या विल्यम या ख्रिस्ती भिक्षूने त्या नगराचा सविस्तर वृत्तांत लिहून ठेवला. आज तेथे राजवाड्याचा मागमूस नाही. त्या भग्नावशेषांतील दगड वापरून सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिलेला एर्देने झू हा बौद्ध विहार तेवढा शिल्लक आहे. राजधानीपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरांची डांबरी सडक गाडीने संपवून पुष्कळ टोळ्या येथे, ओरखोन नदीच्या खोऱ्यात, सायकली खाली उतरवतात.

यापुढे सडक सोडली की खरी परीक्षा सुरू होते, आणि ती चढावाची नसते. खांगाईच्या बहुतेक खिंडी सौम्य आहेत. छातीपेक्षा डोळ्यांची व बुद्धीची कसोटी अधिक लागते, कारण माळावर रस्ता असा नसतोच, चाकोऱ्या असतात. एक चाकोरी खचली की चालक शेजारून दुसरी पाडतो, ती चिखलाने भरली की तिसरी. असे होता होता एकाच दिशेने दहा-बारा समांतर वाटा धावू लागतात, आणि कुरणाचे त्यामुळे होणारे नुकसान भरून यायला अनेक वर्षे लागतात. त्यांतील कोणती वाट पुढच्या खोऱ्यात उतरते आणि कोणती एखाद्या गुराख्याच्या हिवाळी गोठ्याशी जाऊन संपते, हे नवख्याला कळण्याचा उपाय नाही. बरे, वाट योग्य असली तरी सुखाची असेल असे नाही. गाड्यांच्या वेगामुळे चाके उसळून जमिनीवर हातभर अंतराने आडव्या वळ्या उठतात, त्यांवरून जाताना दात वाजतात, मनगटे बधिर होतात, आणि चाकोरीच्या कडेची मऊ माती शोधण्यात चित्त गुंतून राहते. रुंद टायरमधील हवा थोडी कमी केली म्हणजे हा जाच पुष्कळ हलका होतो.

या धक्क्यांत सायकलीचा सर्वांत नाजूक अवयव म्हणजे मागच्या गिअरला धरून ठेवणारा बोटाएवढा धातूचा तुकडा, ज्याला हँगर म्हणतात. सायकल आडवी पडली तर सांगाडा वाचावा म्हणून तो मुद्दामच मऊ केलेला असतो, म्हणजे स्वतः वाकून धन्याला वाचवणारा हा इमानी नोकर. परंतु त्याचा आकार सायकलीगणिक निराळा असल्यामुळे शेजाऱ्याचा तुकडा आपल्या कामी येत नाही. तो घरूनच बरोबर न्यावा.

नद्यांवर पूल थोडे. वर डोंगरात पाऊस झाला की सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी सायंकाळी मांडीपर्यंत चढते. जुलै-ऑगस्टमध्ये सहली निघतात आणि वर्षातील बहुतेक पाऊसही त्याच दोन महिन्यांत पडतो. अशा वेळी वाटाड्या आधी स्वतः पाण्यात उतरतो, तळचे गोटे पायाने चाचपतो, पलीकडच्या घोडेस्वाराला हाक मारून वरचा उतार विचारतो, आणि मग टोळीने सायकली खांद्यावर घ्याव्यात, गाडीत चढवाव्यात की तेथेच मुक्काम करावा, याचा निर्णय देतो. त्याचा हुकूम निमूटपणे मानावा. स्वतःच्या पायांचा अभिमान बाळगणाऱ्यांना गाडीत बसणे अपमानाचे वाटते. मला तो अभिमान थोडा पोरकट वाटतो.

चेचेरलेग शहर मागे पडले की डोंगरांचे रूप बदलते. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर ओलावा टिकतो, म्हणून तेथे लार्च वृक्षांची दाटी. दक्षिणेचे उतार मात्र उन्हाने सुकून केवळ गवताचे. एकाच टेकडीची एक बाजू हिरवीकाळी आणि दुसरी उघडीबोडकी, असे दृश्य दिवसचे दिवस सोबत करते. खिंडीच्या माथ्यावर निळ्या वस्त्रांनी गुंडाळलेली दगडांची रास असते. तिला तीन उजव्या प्रदक्षिणा घालून एक दगड वाहण्याचा तेथील रिवाज आपल्याकडील मनुष्याला शिकवावा लागत नाही. शेवटचा मुक्काम बहुधा तेरखीन त्सागान सरोवराच्या काठी पडतो. खोरगो ज्वालामुखीच्या लाव्ह्याने नदी अडली आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांहून उंच हे पाणी साठले.

वाटेत कोणाच्या नमद्याच्या तंबूत, ‘गेर’मध्ये, जाण्याचा योग आला, तर दुरूनच ‘नोखोई खोर’, म्हणजे कुत्र्याला आवरा, अशी हाळी द्यावी. तेथील कुत्रे लांडग्यांशी झुंजणारे असतात. उंबऱ्यावर पाय देऊ नये, आत शिरून डावीकडे बसावे, आणि वाटी उजव्या हाताने, डाव्या हाताचा आधार कोपराला देऊन, घ्यावी. खारट दुधाचा चहा प्रथम येतो. मागाहून चामडी बुधल्यात घुसळून आंबवलेले घोडीचे दूध, जे किंचित मादक असते. घोटभर चाखून वाटी परत दिली तरी चालते.

आपल्याकडील शाकाहारी मंडळींनी मात्र ही बाब निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. त्या मुलखात मांस व दूध हाच आहार असल्याने भाजीपाला थेट शहरातून गाडीवर लादावा लागतो. आगाऊ सांगितले तर स्वयंपाकी बटाटे, कोबी, गाजर व तांदूळ यांची रसद घेतो, ऐन मुक्कामावर सांगितले तर बिचारा हतबल होतो. मेतकूट आणि लोणच्याची बरणी पडशीत असावी. यजमानाने दिलेला वाळलेल्या दह्याचा ‘आरूल’ हा खडा सर्वांनाच चालतो. तो चावू नये, गालात धरून सायकल चालवीत राहावे, म्हणजे तासाभरात विरघळतो.