नाणेघाटाची वाट

पायी हिंडण्याची ज्याला हौस आहे, त्याला स्वतःची मोटार पुष्कळदा अडचणीचीच होते. डोंगराच्या पायथ्याशी ती उभी करून वर चढावे, तर सायंकाळी तिच्यासाठी पुन्हा त्याच वाटेने खाली यावे लागते आणि डोंगरापलीकडचा मुलूख पाहावयाचा राहून जातो. आगगाडीने व एस. टी.ने येणाऱ्या पथिकाची गोष्ट निराळी. तो एका गावी उतरतो आणि दुसऱ्याच गावी गाडीत बसतो. मधली सारी वाट त्याची असते. कल्याणहून जुन्नरकडे जाणारी नाणेघाटाची वाट अशा प्रवासाला फार सोयीची आहे.

ही वाट काही नवी नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण हे गजबजलेले बंदर होते. गलबतांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून व्यापारी या घाटाने वर चढत, आणि जुन्नरवरून पुढे सातवाहनांच्या प्रतिष्ठानकडे, म्हणजे आजच्या पैठणकडे, जात. कल्याणचे बंदर पुढे ओसरले; पण १८५४ मध्ये तेथे आगगाडी आली आणि वाटसरूंची वर्दळ पुन्हा सुरू झाली. तेव्हा व्यापारी गलबतातून उतरत, आज पथिक आगगाडीतून उतरतो, एवढाच काय तो फरक!

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारी एस. टी. धरावी. मुरबाड, टोकावडे ही गावे मागे पडली, की वैशाखरे गाव येते. घाटाची पाऊलवाट तेथून थोडी पुढे फुटते. वाहकाला आधीच सांगून ठेवले, तर तो नेमक्या ठिकाणी उतरवून देतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. अशा प्रवासाचा हिशेब आरंभापासून नव्हे, तर शेवटापासून करावा लागतो. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते, हे आधी विचारून घ्यावे आणि मग मागे मागे येत निघण्याची वेळ ठरवावी. चालण्यास किती वेळ लागेल, याचा एक आडाखा नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये बांधला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरावा, आणि चढ असेल तर दर सहाशे मीटर उंचीला आणखी एक तास मिळवावा. नाणेघाटाची चढण सहाशे-सातशे मीटरांची, आणि वाट सुमारे पाच किलोमीटरांची. म्हणजे हिशेबाने दोन तासांहून थोडा अधिक वेळ झाला. पण नेस्मिथच्या हिशेबात तहान, विसावा आणि रमतगमत चालणारी मुले नाहीत! तेव्हा चार तास हाती ठेवणेच शहाणपणाचे. पावसाळ्यात कातळ निसरडे होतात आणि धुक्यात वाट दिसेनाशी होते. म्हणून मार्गशीर्ष-पौषातले कोरडे दिवस निवडावे, वाट जाणणारे वडील माणूस बरोबर असावे आणि पाणी भरपूर घ्यावे.

प्रथम वाट झाडीतून जाते. मग चढ उभा होतो आणि दगडी पायऱ्या लागतात. मान वर केली, की अंगठ्यासारखा एक प्रचंड सुळका दिसतो. त्याला नानाचा अंगठा म्हणतात. वाट माथ्याजवळ पोहोचते, तोच उजेडाऐवजी अंधाराकडे पाहावे लागते. कारण तेथे कातळात कोरलेली एक लेणी आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा मोठा शिलालेख आहे. राजा शातकर्णीच्या काळी झालेले यज्ञ आणि त्यांत दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नावाची नाणी यांची नोंद त्यात आहे. नोंद करताना अंकही कोरले आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना निरनिराळी चिन्हे आहेत. पलीकडच्या भिंतीवर सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती आता नष्ट झाल्या आहेत. वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. ज्या भिंती दोन हजार वर्षे टिकल्या, त्यांवर आपले नाव खरडणारे लोकही असतात, हे सांगण्यासही लाज वाटते.

लेणीच्या वर कातळ फोडून केलेल्या अरुंद खिंडीतून माथ्यावर येता येते. तेथे दगडाचा एक भला मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

माथ्यावर उभे राहिले, की पायांखाली कोकण आणि पाठीमागे देश! उजव्या-डाव्या हाताला कडे सरळ तुटलेले. जवळच जीवधन किल्ला. येथून घाटघर गाव तासाभराच्या अंतरावर आहे. तेथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कुकडी नदीच्या खोऱ्याने जुन्नरकडे निघावे. वाटेत पूर गावी कुकडेश्वराचे प्राचीन शिल्पमंदिर आहे, पुढे चावंड किल्ला आणि माणिकडोहचा जलाशय. हे सारे अंतर पंचवीस-तीस किलोमीटर भरेल. लहान पायांना ते अवघडच. पण या रस्त्याने एस. टी. जाते. गाड्या थोड्या असल्या, तरी वेळ ठाऊक असल्यास वाटेत कोठेही हात दाखवून थांबवता येते. थकलेल्याने तसे करण्यात कमीपणा मुळीच नाही.

जुन्नरला शिवनेरीचे दर्शन घ्यावे आणि माळशेजमार्गे कल्याणला जाणारी गाडी धरावी. घाट उतरून ती वैशाखऱ्याकडे येऊ लागली, की डावीकडच्या खिडकीतून बाहेर पाहावे. डोंगराच्या काठावर नानाचा अंगठा उभा असतो, आणि त्याच्या कुशीतून वर जाणारी वाट खालून शोधूनही सापडत नाही.