घरची माया आणि उपचाराची वेळ

लॉस एंजेलिसमधील मेक्सिकन वंशाच्या एखाद्या कुटुंबाची कल्पना करू. विशीतला मुलगा कामावर जाईनासा होतो, रात्ररात्र जागतो, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे सांगतो, समोर कोणी नसताना उत्तरे देतो. आई म्हणते, ‘‘मनाला ताण सोसवत नाही त्याच्या, विश्रांती मिळाली की सावरेल.’’ आजी चर्चमध्ये मेणबत्ती लावते. वडील नातलगांत वाच्यता होऊ देत नाहीत. महिन्यांमागून महिने जातात आणि डॉक्टरांची पहिली गाठ पडते ती एखाद्या मध्यरात्री, रुग्णालयाच्या तातडीच्या कक्षात.

अशा वेळी या समाजात ‘नेर्व्हिओस’ हा स्पॅनिश शब्द उच्चारला जातो. त्याचा शब्दशः अर्थ नसा; पण साध्या अस्वस्थतेपासून गंभीर मनोविकारापर्यंत सारे त्यात सामावते. मानववंशशास्त्रज्ञ जॅनिस जेन्किन्स यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या मेक्सिकन-अमेरिकन रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८८ साली दाखविले की, या सौम्य शब्दामुळे रुग्णावर ‘वेडा’ असा शिक्का बसत नाही, दोष त्याच्या माथी येत नाही आणि तो घरातलाच एक राहतो.

या मायेचे मोल मोठे आहे. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन लोपेझ व त्यांच्या सहकाऱ्यांना २००४ च्या संशोधनात असे आढळले की, मेक्सिकन-अमेरिकन रुग्णांमध्ये ज्यांना घरी जिव्हाळा लाभला, त्यांचा आजार उलटण्याचे प्रमाण कमी होते. औषधाला आपुलकीची जोड मिळाली की रुग्ण सावरतो, हे यातून दिसते.

परंतु जो शब्द रुग्णाला सांभाळतो, तोच कधीकधी आजारही झाकून ठेवतो. नुसता ताण समजून वाट पाहण्यात मोलाचा काळ निसटतो. सर्व समाजांतील रुग्णांचा समावेश असलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्यांदाच सायकोसिस झालेल्या निम्म्या रुग्णांनी ७४ आठवड्यांहून अधिक काळ उपचाराविना काढला होता. हा काळ जितका लांबतो, तितके पुढे बरे होणे कठीण जाते. लॅटिनो कुटुंबांपुढे आणखीही अडचणी असतात: स्पॅनिश बोलणारे डॉक्टर सहज मिळत नाहीत, अनेकांकडे विमा नसतो, काहींना स्थलांतराच्या कागदपत्रांची धास्ती असते. त्यात ‘लोक काय म्हणतील’ ही लाज.

यावर लोपेझ यांच्या गटाने ‘ला क्लावे’ हा उपक्रम उभारला. ‘क्लावे’ म्हणजे किल्ली, खूण. या शब्दाच्या अक्षरांत सायकोसिसची लक्षणे गुंफली आहेत: खोट्या समजुती, विस्कळीत बोलणे आणि भास, म्हणजे नसलेल्या गोष्टी दिसणे वा ऐकू येणे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या छोट्या कार्यक्रमानंतर सामान्य रहिवासी आणि रुग्णांचे नातलग, दोघांचेही ज्ञान व लक्षणे ओळखण्याचा आत्मविश्वास वाढलेला दिसला. रहिवाशांमध्ये तज्ज्ञांची मदत घ्यावी हा विचारही बळावला. कोणाच्याही श्रद्धेला न दुखावता, लोकांच्याच भाषेत सांगितल्याने हे साधले. प्रार्थनेने घरच्यांना धीर मिळतो. तिच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञांचे उपचारही हवेत.

वाचकहो, हे सारे दूर देशीचे असले तरी परके वाटते काय? जगात सुमारे ३०० व्यक्तींमागे एकीला स्किझोफ्रेनिया असतो. त्याला ना भाषा कळते, ना घराणे. दुकानाची पत, मुलामुलींची लग्ने, या काळजीने आपल्याकडेही अशा गोष्टी चार भिंतींत राहतात. पेढीवर एका दिवसाचा हिशेब जुळला नाही तर आपण रात्री झोपत नाही. मग घरातल्या माणसाचे बदललेले वागणे महिनोन्महिने कसे सोडून द्यावे?

अशी लक्षणे दिसली तर रुग्णाशी वाद घालू नये, त्याची थट्टा करू नये. शांतपणे त्याचे ऐकावे आणि त्याला लवकर मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. भारत सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. सुरू असलेली औषधे डॉक्टरांना विचारल्यावाचून थांबवू नयेत.

माया तर आपल्या घरांत आहेच. तिने वेळीच दवाखान्याची पायरी चढावी, एवढेच मागणे.