ठरलेली कुस्ती आणि खरा घाम



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला, म्हणजे तो महागाईभत्ता, बोनस किंवा कामगार कायदा यांवर बोलणार, असे आपण धरून चालता. आज मी कुस्तीच्या एका कॅसेटवर बोलणार आहे. ही कुस्ती मातीतली नव्हे. दोरांच्या चौकटीतली, निकाल आधी ठरलेली, अमेरिकेत धंदा म्हणून चालणारी. तिची आवड मला तरुणपणापासून आहे आणि ती सांगण्यात मला संकोच वाटत नाही. विषय हलका वाटला तरी तो शेवटी मजुरीच्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो, एवढे दाखविता आले तरी पुरे.

प्रथम एका शब्दाचा घोळ दूर करू. ‘फ्रीस्टाइल’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले ते फ्रीस्टाइल कुस्तीत. तेथे वजनगट असतात, गुण मोजले जातात, पंच असतात आणि कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नसते. मुंबईत वरळीच्या स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंग काँग यांच्या ज्या लढती गाजल्या, त्यांनाही लोक फ्रीस्टाइलच म्हणत. १९६८ च्या मे महिन्यात दारासिंगने मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरविले आणि तो जगज्जेता म्हणून गाजला. ही दुसरी फ्रीस्टाइल म्हणजे तिकिटाचा खेळ. तिच्यावरूनच आपल्या वर्तमानपत्रांनी नगरपालिकेच्या सभेतल्या हाणामारीलाही ‘फ्रीस्टाइल’ म्हणण्याची प्रथा पाडली. आखाड्यातल्या माणसांजवळ मात्र आणखी एक शब्द आहे, ‘नुरा कुस्ती’. आतून ठरवून खेळलेली ती नुरा. मातीत हा शब्द शिवीसारखा आहे, कारण तेथे प्रेक्षकाला खऱ्या लढतीचे वचन दिलेले असते. त्या अमेरिकन धंद्यात मात्र सर्व डोलारा नुरा कुस्तीवरच उभा आहे.

१९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि त्यामागून व्हिडिओ. हिंगणघाट, पुलगाव ही आपल्या जिल्ह्यातली गिरण्यांची गावे. गिरणीची पाळी सुटली की माणसे व्हिडिओ पार्लरच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसत. बहुतेक वेळ सिनेमा चाले; अधूनमधून कुस्तीची कॅसेट लागे. १९९० च्या सुमारास मी तेथे ‘रेसलमेनिया’चा तिसरा मेळा पाहिला. हा मेळा २९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात, पॉन्टियाक येथील सिल्व्हरडोम नावाच्या छप्परबंद मैदानात झाला. कंपनीने प्रेक्षकांचा आकडा ९३,१७३ असा जाहीर केला. तो फुगविलेला आहे, असे जाणकार आजही म्हणतात. एकूण बारा लढती. त्यांपैकी दोहोंविषयी चाहता म्हणून माझे मत सांगतो.

पहिली लढत रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची. माझ्या मते साऱ्या कॅसेटमध्ये कुस्ती म्हणून उजवी हीच. सुमारे पंधरा मिनिटे दोघे क्षणभर थांबत नाहीत. पकड, सुटका, उडी, पलटी, पुन्हा पकड. आणि शेवटी सॅव्हेज स्टीमबोटला उचलून आपटण्याच्या बेतात असताना स्टीमबोट त्याला लहानशा गुंडाळीत अडकवून खांदे टेकवितो. सॅव्हेज हा अत्यंत काटेकोर गडी. त्याने या लढतीची एकेक हालचाल आधी लिहून काढली होती आणि दोघांनी तिची घोकंपट्टी केली होती, हे पुढे स्टीमबोटनेच सांगितले. कॅसेटचा उपयोग येथे कळतो. मैदानात बसलेल्याला जे एकदाच दिसते, ते कॅसेट मागे नेऊन आपण दहा वेळा पाहू शकतो. ठोसा मारताना मल्ल आपला पाय जमिनीवर आपटतो, आवाज त्या पायाचा असतो. पडणारा हनुवटी छातीला लावतो आणि सबंध पाठीवर पडतो, म्हणजे मार एका जागी न बसता पसरतो. कसब उलगडल्याने माझी गोडी कमी झाली नाही, वाढलीच. तबलजीची बोटे जवळून दिसली म्हणून कोणी ठेका ऐकणे सोडीत नाही.

दुसरी लढत मुख्य होती, हल्क होगन आणि आन्द्रे द जायंट यांची. कुस्ती म्हणून पाहाल तर ती संथ आहे. आन्द्रे धड वाकत नाही, धावत नाही. बराच वेळ तो होगनला नुसता मिठीत आवळून उभा आहे. बारा मिनिटांच्या आसपास सारा खेळ संपतो. परंतु सुरुवातीलाच होगन त्याला उचलू जातो आणि त्याच्याच भाराखाली कोसळतो. त्या क्षणापासून प्रेक्षकांच्या मनात एकच प्रश्न उरतो, हा डोंगर उचलला जाणार का? शेवटी तो उचलला जातो आणि सारे मैदान उभे राहते. आन्द्रेचे वजन ५२० पौंड पुकारले होते, म्हणजे सुमारे २३६ किलो. आपल्याकडे रुईची एक गाठ १७० किलोची असते. म्हणजे जवळजवळ दीड गाठ एका माणसाने छातीपर्यंत उचलली. जिनिंग-प्रेसिंगमधल्या हमालांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

“हे सारं खोटं हाये,” असे त्या खोलीत कोणी ना कोणी म्हणेच. हे म्हणणे तपासून पाहू. आपल्या विदर्भात खडी गंमत आहे. तिच्यातला नाच्या पुरुष आहे हे गावाला ठाऊक असते, तरी गाव हसते आणि प्रसंगी डोळेही पुसते. कोणी उठून “ही बाई खोटी आहे” असे ओरडत नाही. फ्रान्सचे रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या पुस्तकात या कुस्तीवर एक निबंध घातला आहे. त्यांचा मुद्दा असा, की ही कुस्ती म्हणजे नाट्य आहे. प्रेक्षक निकालासाठी येत नाही, तो दुःख, कपट आणि न्याय डोळ्यांसमोर ढळढळीत पाहण्यासाठी येतो. मला हा मुद्दा पटतो. मात्र त्यात कामगाराच्या नजरेची एक भर घालावीशी वाटते. नाटकातला मरणारा राजा पडदा पडल्यावर उठून चहा घेतो. येथे पडणारा माणूस खरोखर फळ्यांवर पडतो. त्या फळ्यांखाली लोखंड आणि वर पातळशी गादी. निकाल खोटा, भार खरा.

आन्द्रेचेच पाहा. शरीर बेसुमार वाढविणारा विकार त्याला जडलेला होता. त्या मेळ्याच्या काही महिने आधी त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली होती आणि पोशाखाखाली पट्टा बांधून तो उतरला होता. त्याचे ते न वाकणे म्हणजे आळस नव्हे, वेदना होती. जानेवारी १९९३ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, पॅरिसमध्ये तो वारला. आता ती लढत पाहताना मला होगनच्या दंडापेक्षा आन्द्रेचा चेहरा अधिक दिसतो. आणि संथ असूनही ती लढत मी मोठी मानतो ती याच कारणाने.

आता धंद्याकडे वळू. १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे कंपनीने स्वतःच मांडले, की ही खरी स्पर्धा नव्हे, ही करमणूक आहे. वर्षानुवर्षे जपलेले गुपित मालकाने आपण होऊन का उघडे करावे? खेळ म्हटला की सरकारी परवाना आला, लढतीआधी डॉक्टरांची तपासणी आली, प्रक्षेपणावरचा कर आला. करमणूक म्हटली की ही कटकट टळते. मल्लांना मात्र नट म्हणून नटांच्या संघटनेचे संरक्षण मिळाले नाही. कागदावर ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’. खेळाडू नव्हे, म्हणून तपासणी नाही. नोकर नव्हे, म्हणून विमा आणि निवृत्तिवेतन नाही. घरोघर पार्सल पोचविणाऱ्या पोरांना आज ‘भागीदार’ म्हणतात. त्या शब्दाचा हा थोरला भाऊ आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या कॅसेटवर जो घोगरा, खवचट आवाज समालोचन करतो, तो जेसी व्हेन्चुराचा. हा पूर्वीचा मल्ल. १९८६ साली, रेसलमेनियाच्या दुसऱ्या मेळ्याच्या सुमारास, त्याने कपडे बदलण्याच्या खोलीत सहकाऱ्यांपुढे संघटनेची गोष्ट काढली. मालक व्हिन्स मॅकमहन यांच्यापर्यंत ती लगेच पोचली. ती पोचविणारा होगन होता, हे पुढे खटल्यातील जबानीत आपल्याला समजले, असे व्हेन्चुरा सांगत आला आहे. संघटना झाली नाही. ज्याचा पगार सर्वांत मोठा त्याला संघटनेची गरज सर्वांत कमी वाटते, हे गिरणीच्या फाटकावर उभे राहिलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

पुढे व्हेन्चुराने कॅसेटींवरूनच कंपनीला कोर्टात खेचले. त्याचा आवाज वापरून कंपनी कॅसेटी विकत होती आणि त्यांतला वाटा त्याला मिळत नव्हता. मुख्य मल्लांखेरीज कोणालाही असा वाटा देत नाही, असे त्याच्या प्रतिनिधीला सांगण्यात आले होते; ते खरे नव्हते. १९९४ साली ज्यूरीने त्याला सुमारे आठ लाख डॉलर देवविले आणि १९९५ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकालाचे एक मुख्य तत्त्व साधे आहे: एकाने काम केले, दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्या कामाचे रास्त मोल चुकते केले पाहिजे. हाच व्हेन्चुरा पुढे १९९८ ची निवडणूक जिंकून मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला.

हे मोल देण्याआधी जीव सांभाळला पाहिजे, याचाही दाखला याच धंद्यात आहे. २३ मे १९९९ रोजी कॅन्सस सिटी येथे ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने खाली उतरविला जात असताना सुमारे ७८ फुटांवरून पडला आणि वारला. त्याला बाहेर नेले आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. कुटुंबाशी २००० साली १ कोटी ८० लाख डॉलरांवर तडजोड झाली. त्या कार्यक्रमाची कॅसेट कंपनीने बाजारात आणली नाही. २०१४ साली तो इंटरनेटवर दाखविला, तेव्हा त्यातून हार्ट कापलेला होता. यंत्र चालू राहिले पाहिजे, हा नियम गिरणीतलाच.

कॅसेटने नेमके काय बदलले? गिरणीतला कामगार एक ठाण विणतो, ते एकदा विकले जाते. मल्ल एकदा पडतो, आणि त्याचे पडणे हजार वेळा, तीस-चाळीस वर्षे विकले जाते. मजुरी मात्र त्या एका संध्याकाळची. मालाचा आयुष्यकाल मजुराच्या आयुष्यापेक्षा लांबला, हा या युगातला नवा प्रश्न आहे.

आपल्या देशातही याचे उत्तर शोधण्याची सुरुवात झाली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली प्रयोग करणाऱ्या कलावंताचे हक्क नीट मांडले गेले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातल्या मानधनाचा वाटाही त्यांत आला. कलावंत कोण, याची जी यादी कायद्यात आहे, तीत नट, गायक, कसरतपटू, गारुडी यांच्या रांगेतच व्याख्यान देणाराही बसविला आहे. म्हणजे या व्यासपीठावरचे मान्यवर आणि नागपंचमीचा गारुडी कायद्याने एका पंगतीचे आहेत, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. मल्ल हा शब्द त्या यादीत नाही. ‘प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ या शब्दांतून त्याला आत यावे लागेल.

आज प्रत्येक दंगलीत, दंडारीत, भजनात हातोहाती मोबाइल उभे असतात. चित्रण इंटरनेटवर जाते, लाखो लोक पाहतात, जाहिराती येतात. मल्लाला मिळतो त्या दिवसाचा इनाम आणि फेटा. म्हणून माझी सूचना मोठी नाही. गावात दंगल किंवा खडी गंमत ठरविताना आयोजकांनी तीन ओळींचा करार लिहावा: चित्रण कोण करणार, त्याच्या उत्पन्नातून कलावंताला किती, आणि इजा झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. तीन ओळी लिहायला वकील लागत नाही. मात्र त्या मागायला मल्ल एकटा आला तर त्याला पुढच्या वर्षी बोलावणार नाहीत. दहा जण मिळून आले, तर लिहाव्याच लागतील.